आभारप्रदर्शन

माझ्याकडे दरवर्षी हेच काम येतं,
आवाज खणखणीत आहे म्हणून.
चिठ्ठीवर चार नावं: वक्त्या, प्रायोजक,
ध्वनिव्यवस्था, चहावाले कनुभाई.
चिठ्ठी मुठीत धरून मी दुसऱ्या रांगेत बसते.

दांडिया बाजारातलं सभागृह,
व्याख्यानमालेचं एकसष्टावं वर्ष,
विषय ‘विश्वामित्री: पूर आणि शहर’.
गर्दी बरी आहे. निम्मे लोक
मगरींचे फोटो बघायला आलेत.

डॉ. निशिगंधा शिर्के घसा साफ करतात.
शुद्ध मराठी, मधूनच एखादं ‘एटले के’,
म्हणजे आमच्या बडोद्याच्याच.
पहिली मगर पडद्यावर येते, मागची मुलं ओरडतात.
दुसरी कुणाच्याशा अंगणात, तुळशीपाशी,
पावसात विसरलेल्या गादीसारखी.
“ही आपल्याकडे आली नव्हती,” त्या म्हणतात,
“आपल्या नेहमीच्या वाटेनं निघाली होती.”
लोक हसतात. मीही.

मग नकाशा.
जुन्या शहराभोवती निळे ठिपके, निळ्या रेघा,
तळी, कांस, पाणथळी.
“आता आजचं चित्र,”
आणि त्यावर राखाडी रंग पसरत जातो,
दुधावर साय धरावी तसा.
मी पाण्याची टाकी शोधते, टाकीवरून शाळा,
शाळेच्या डावीकडे तिसरी गल्ली.
माझं घर एका ठिपक्याच्या
बरोब्बर मधोमध आहे.

पद्मसरोवर सोसायटी.
अठरा वर्षं कुरिअरवाल्याला हे नाव
फोनवर तोडून तोडून सांगते आहे.
त्यातलं सरोवर
एकदाही ऐकू आलं नाही मला.

पडदा जरा तोकडा आहे.
नकाशाची उजवी कड मागच्या फलकावर सांडते.
तिथे प्रायोजकांचं नाव सोनेरी अक्षरांत,
खाली दोन टॉवर, हिरवळ, एक धावणारं मूल.
एक तळं बराच वेळ
त्यांच्या गच्चीवर थांबून राहतं.

पहिला प्रश्न प्रश्न नसतोच,
निंबाळकर साहेबांच्या लहानपणच्या पुराची आठवण असते.
दुसरा: धरणाचे दरवाजे उघडायला उशीर कुणी केला?
तिसरा: यंदा येणार का, तेवढं सांगा.
त्या टक्केवारी सांगतात.
टक्के कुणालाच नको असतात, हो की नाही ते हवं असतं.
दाराशी शनाभाईनं हात वर केलाय.
माइकची वायर तिथवर पोचत नाही.
हात थोडा वेळ तसाच,
मग डोकं खाजवून खाली.

माझं नाव पुकारतात.
चिठ्ठी घामानं भिजलेली,
पण प्रायोजक मला पाठ आहेत.
मानले त्यांचे आभार. खणखणीत.
तळ्याबद्दल अवाक्षर नाही.
कर्जाचे सात हप्ते राहिलेत अजून,
आणि उद्या फ्लॅटला गिऱ्हाईक आलंच तर...
जाऊ दे.

चहाच्या वेळी शनाभाईला गाठलं.
काय विचारायचं होतं तुला?
“पूछवानुं नहोतुं, बेन. कहेवानुं हतुं.”
नकाशात एक तळं राहिलंय म्हणाला,
त्याचा बाप तिथे शिंगाडे काढायचा.
कुठे, म्हणेपर्यंत
कुणीतरी ओरडलं, पंखे बंद कर रे आधी.

भिंतीला नवा डिस्टेंपर आहे.
तरी एकेक दिवा मालवू लागला
की कंबरेच्या वर एक आडवी रेघ
ओलसर उमटते.
शनाभाई खुर्च्या गोळा करतो.
जमिनीवर एकही रचत नाही.
एकेक उचलून, चार पायऱ्या चढून,
मंचावर नेऊन ठेवतो,
एकशे चाळीस.

बाहेर चैत्र. आभाळात ढगाचं बोटूकही नाही.
पर्स खांद्याला अडकवून
मीही दोन उचलते.